निवळलेलं पाणी

नव्वदच्या आसपास मी पिंप्राळ्याच्या बाजूला सूत रंगवायच्या एका कारखान्यात कामाला होते. रंगाचं उरलेलं पाणी हौदात साठायचं. त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची आणि बांबूने ढवळायचं, हे माझं काम. लालभडक पाणी तासाभरात निवळायचं. रंग जातो कुठे, याचं मला कोडं होतं. वर तवंग नाही, तळाला रंगीत गाळ नाही. कारखान्याच्या केमिस्टला विचारलं, तर म्हणाला, "अक्का, गेला म्हणजे गेला."

कारखान्याला लागूनच माझा जमिनीचा तुकडा होता. त्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि भरताच्या वांग्यांनी माना टाकल्या. कारखान्याचे शेठ म्हणाले, "हौदाचं पाणी घ्या, फुकट." शेजारच्या शेतातली बाई लगेच पाट काढायला फावडं घेऊन आली. मी तिला थांबवलं. निवळलेल्या पाण्याला औषधासारखा एक वास यायचा. तो पावडरीचा नव्हता, रंगाचाही नव्हता.

"पानी काचसारखं दिखस, आनि तू नाक मुरडस!" ती म्हणाली.

पेरणीआधी आम्ही बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवतं का ते बघतो. मी उलटं केलं. बी खात्रीचं घेतलं, घरचे मूग, आणि पाणी तपासलं. एक गोणपाट हापशाच्या पाण्यात भिजवलं, एक रंगाच्या लाल पाण्यात, एक निवळलेल्या. निवळलेलं पाणी आधी तीन दिवस घमेल्यात उन्हात ठेवलं होतं, पावडरीचा उग्रपणा उडून जावा म्हणून.

हापशाच्या पाण्यातले मूग तरारून आले. लाल पाण्यातल्यांना आखूड, वाकडे का होईना, मोड फुटले. निवळलेल्या पाण्यातले नुसते फुगले आणि बुळबुळीत झाले.

तिन्ही गोणपाटं मी केमिस्टच्या टेबलावर उलगडली.

"रंग आणि पावडर मिळून तिसरंच काहीतरी तयार झालं असणार," तो म्हणाला. "त्याला रंग नाही, म्हणून दिसत नाही."

"काय तयार झालं?"

"ते शोधायची सोय इथे नाही. मी पाण्याचा रंग तेवढा तपासतो."

"म्हणजे माझ्याइतकंच कळतं तुम्हाला."

"तेवढंच," तो हसून म्हणाला.

शेजारणीला मूग दाखवले. ती बांधावर ठेवलेलं फावडं उचलून घरी गेली. शेठ म्हणाले, "फुकट देतोय तर नखरे!" मी म्हटलं, "शेठ, तुमच्या बंगल्यातल्या गुलाबांना घाला." त्यांनी घातलं नाही. नाल्यात सोडलं.

हापशावरून हंड्याने आणून किती पुरणार? वांगी वाळली. उपटून चुलीत घातली.