पुरुष वॉर्डातली पूनम

दुःख म्हणून सांगायला बसलं की लोक घड्याळ बघतात, किस्सा म्हणून सांगितलं की चहा मागवतात. म्हणून सदर भागातल्या आमच्या सेंटरवर आम्ही सगळं किस्सा करूनच सांगतो. सेंटर म्हणजे ट्रान्सजेंडर बायकांसाठीच्या दोन खोल्या. मी शकुन, तिथली फील्ड वर्कर, आणि स्वतःही त्यांच्यातलीच. वर्षभरात इतके किस्से साचतात की आधी कोणता सांगावा तेच कळत नाही. आज फक्त पूनमचे सांगते.

पूनम उमरेडची, विणकरांच्या घरातली. घर सुटून सहा वर्षं झाली होती. आईनं एकदा येऊन आपलं तोंड पाहावं, एवढंच तिला हवं होतं. आई फोनसुद्धा घ्यायची नाही.

*

हुडकेश्वरला आम्ही दोघी खोली बघायला गेलो. घरमालकीण भली बाई, तिनं पाणी दिलं, मग म्हणाली, "मले काही नाही बाप्पा, पण शेजारचे काय म्हणतील?"

पूनम हट्टी. ती थेट शेजारच्या घरी गेली विचारायला. तिथल्या काकू म्हणाल्या, "आमाले काय करायचं आहे? पण त्या घरमालकिणीले नाही चालणार."

खोली अजून रिकामीच आहे म्हणे.

*

महाल भागात तिघांनी पूनमला मारलं. भर दुपारी, पिठाच्या गिरणीसमोर. ओठ फाटला, समोरचा दात गेला. चौकीत शिपायानं पहिला प्रश्न विचारला, "तिथं काहून गेली होती?"

"दळण आणाले."

त्यानं पेन खाली ठेवला. "तुम्ही लोक दळण आणता?"

"मग काय साहेब, गहू तसेच चावतो काय?"

शिपाई हसला, आम्हीही हसलो. तक्रार काही त्या दिवशी लिहिली नाही. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या ममतामावशी दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन चौकीच्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा कुठे संध्याकाळी लिहिली. मी तेव्हा हसले, याचा मला अजून राग येतो.

*

त्यानंतर पूनम तिच्या जुन्या खोलीबाहेर पडेना. कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकायची, अंघोळीचाही कंटाळा. मी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"हे केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"मार खाल्ल्यापासून."

"ते नाही. हे साडी नेसणं."

पूनम शांतपणे म्हणाली, "साडीचा काही त्रास नाही मले."

डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरबाईंनी नीट ऐकलं, गोळ्या दिल्या. पण गोळ्या मनावर चालतात, गल्लीतल्या पोरांच्या शिट्ट्यांवर नाही.

*

ममतामावशींनी मग नियमच लावला. रोज सकाळी आठला पूनमनं मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग वाजली, म्हणजे पोरगी उठली.

एकदा सवयीनं मी फोन उचलला. ती केवढी चिडली! "उचलला काहून वं? आता बोलावं लागते."

आणि एका गुरुवारी आठ वाजले, साडेआठ वाजले, फोन वाजला नाही. आम्ही तिच्या खोलीचं दार तोडलं. वेळेवर पोचलो, एवढंच सांगते. बाकीचं माझ्याच्यानं सांगवत नाही.

*

सरकारी दवाखान्यात आधार कार्डावरचं जुनं, पुरुषाचं नाव बघून तिला पुरुष वॉर्डात टाकलं. नाकात नळी, हाताला सुई. ती रडली नाही. रडली ती पाचव्या दिवशी, हनुवटीवर हात फिरला तेव्हा. दाढी उगवली होती.

आमच्यात ब्लेड लावत नाहीत, केस राठ येतात. आम्ही चिमट्यानं एकेक केस उपटतो. तिचे हात औषधानं थरथरत होते, आणि मी चिमटा घेतला की ती भिंतीकडे तोंड करायची. जेवणं बंद, बोलणं बंद. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला जगावंसंच वाटत नाही. अशी घरी गेली तर भीती आहे."

मी उमरेडला फोन लावला. तीनदा भावानं कट केला. चौथ्यांदा आईनं उचलला. मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "वार्ड कोणता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एस.टी.नं आली. सुकलेली बाई, सगळं आयुष्य हातमागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेलेलं. पूनमनं तिला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईनं ते हात बाजूला केले. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"हे काय आहे?" माझ्या हातातल्या चिमट्याकडे बघून तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं चिमटा घेतला, पदरानं पुसला, खाटेवर बसून पूनमचं डोकं मांडीवर घेतलं.

"हालू नको वं," ती म्हणाली आणि पहिला केस उपटला.

वॉर्डातले पेशंट उठून बसले. नातेवाईक जमले. एक माणूस तर खिडकीशीच येऊन उभा राहिला, टक लावून. आईनं मान वर केली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "थोडं बाजूले व्हा. उजेड अडवून राहिले तुम्ही."