गोठ्याची ओली भिंत

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी देव्हारासुद्धा ठेवला नाही. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

१९९६ चा एप्रिल. मी इंदापुरात फिजिक्स शिकवायचो. अंथुर्ण्याच्या शेतातला आमचा दगडी गोठा बारा वर्षं रिकामा पडलेला. पुण्यात एका वर्कशॉपमध्ये मातीची घरं पाहिली आणि ठरवलं, गोठ्याचंच पर्यावरणपूरक घर करायचं. सिमेंट नाही, आतून मातीचा गिलावा.

आबा भडकले. "सारा जल्म मातीच्या भिंतीत काढला, तुला शिकीवला... आन् तू परत तितंच चाललास व्हय?" ते कामावर फिरकलेच नाहीत.

सांगवीच्या तात्या गवंड्यांनी गिलावा केला. तीन भिंती चार दिवसांत खडखडीत वाळल्या. चौथीवर मात्र, छातीच्या उंचीला, परातीएवढा गोल ओलाच. हात लावला तर — कोमट.

खरवडलं, पुन्हा लावलं. भुसा वाढवला, चुना घातला. पाच वेळा! मागे ना पाइप, ना पाट. आतला दगड ठणठणीत कोरडा.

तात्या वैतागले. "सर, माती तीच, हात त्योच. हितंच का वाळंना, मला न्हाय कळत." थापी-ओळंबा उचलून गेले ते गेलेच. सहावा थर मी चिडून स्वतः लावला. तोही तसाच... रोज कॉलेज सुटलं की यायचं, हात लावायचा, शिव्या घालायच्या.

एका दुपारी आबा आले. "झालं का घर?"

मी नुसतं बोट दाखवलं. वाटलं, आता हसतील. ते भिंतीजवळ गेले, त्या गोलावर तळहात टेकवला आणि जनावराला बाजूला सारावं तसं हळूच म्हणाले, "सरक... सरक पलीकडं." हात धोतराला पुसला आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी भिंत वाळलेली. तडासुद्धा नाही!

"आबा, कुणाला म्हणालात?"

"गोठ्यात शिरलं की तोंडात येतंच ते. त्यात काय इचारतो?"

ओल कुठून आली, गेली कशी — मला आजही सांगता येत नाही. राग येतो तो स्वतःचाच. इतके दिवस त्या कोमट मातीवर हात ठेवत होतो, पण कोण आहे म्हणून एकदाही विचारलं नाही.