शूऽऽ! बारसं चालू आहे

आमच्या घरात झोप ही माझ्या नवऱ्याच्या मालकीची वस्तू आहे. तसं त्यांच्या नावावर हुडको कॉलनीतलं घर आहे, एक म्हातारी स्कूटर आहे, आणि झोप आहे. घरात मी राहते, स्कूटरवर मागे बसते, पण झोपेला हात लावायची मला कधी परवानगी मिळाली नाही.

याला कारण भिलाईचा पोलादाचा प्लांट. हे तिथे कोकओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते. ए शिफ्ट, बी शिफ्ट आणि सी शिफ्ट. त्यातली सी म्हणजे रात्रपाळी. हे सकाळी काळेकुट्ट होऊन घरी यायचे, आंघोळ करून आडवे व्हायचे, आणि त्या क्षणापासून आमच्या क्वार्टरमध्ये संचारबंदी लागायची. खिडकीला पुठ्ठा. दाराची कडी काढायची तर दोन्ही हातांनी, बाळाला उचलावं तशी. कुकरची शिट्टी खिळ्याला टांगलेली आणि वरण उघड्या पातेल्यात शिजतंय, शिजतंय, शिजतंच आहे! आमची मनू बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द आईही नव्हता आणि बाबाही नव्हता. "शूऽऽ" होता! (शेजारच्या बाई तिला उचलून मोरीकडे पळायच्या.)

पुढे हे रिटायर झाले. संचारबंदी काही रिटायर झाली नाही.

मनू शिकली, लग्न करून अमेरिकेत गेली, आणि यंदा तिला मुलगी झाली. आमचा व्हिसा नखरे करत होता, त्यामुळे बाळंतपण आमच्याशिवाय झालं. पण मनूने फोनवर बजावलं.

"आई, बारसं तू आल्यावरच. ह्यांले बहीण नाही, म्हणजे आत्याच नाही. कानात नाव तूच सांगजो आणि पाळणा बी तूच म्हणजो. मोबाइलवरचा पाळणा नही चलेगा, पहलेही बोल दे रही हूँ."

पाळणा म्हणजे माझ्या आईचा, आमच्या भंडाऱ्याकडचा. मनूच्या बारशाला आई तो म्हणायला भिलाईला आली होती. चांगला खणखणीत गळा होता तिचा. पण नेमके त्या दिवशी हे सी शिफ्ट करून आतल्या खोलीत झोपलेले! आईने पाळणा कुजबुजत म्हटला. बायकांनी टाळ्यासुद्धा पदरात हात घालून वाजवल्या. पुढे मनूला झोपवताना तोच पाळणा मी म्हणत राहिले, पण कुजबुजतच. तो पाळणा मोठ्याने कसा लागतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, नातीच्या बारशाला पूर्ण गळ्याने म्हणायचा. अमेरिका हलली पाहिजे!

शेजारच्या बोरकरबाईंनी तेवढ्यात भीती घातली. त्या दुर्गच्या रेल्वेवाल्या, अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेल्या. "मनूची आई, तिकडे गेल्यावर जेट लॅग होते वो. रात्री डोळे टक्क उघडे आणि दिवसा माणूस उभ्या उभ्या पडते. मी तर देवळात पडली."

यांनी पेपर खाली केला आणि मला आयुष्यातला सर्वात महाग पडलेला सल्ला दिला.

"जेट लॅग म्हणजे काय? सी शिफ्टच न! तिकडची रात इकडचा दिवस. तू उद्यापासून सी शिफ्ट कर. रातभर जागाचं, दिवसा झोपाचं. तिकडे उतरली का बरोब्बर सेट!"

मी सेट व्हायला बसले. रात्रभर हॉलमध्ये जागी बसून मेथ्या निवडल्या, डिंकाचे लाडू वळले. हे आत सुखाने घोरत होते. सकाळी मी आडवी झाले. दूधवाला आला, भाजीवाला आला, खाली कुणाची तरी बोअरवेल सुरू झाली. मग हे आले.

"अवं, झोपली का?"

"हो."

"बरं, झोप, झोप. चहापत्ती कुठी आहे?"

मी सांगितली. मग साखर कुठी आहे. मग गाळणी. मग दार पुन्हा उघडलं. "असं कर, तू चहा करूनच दे आणि मंग आरामात झोप." चहा केला. पाठ टेकली तर टीव्हीवर बातम्या सुरू, इतक्या मोठ्याने की बातमी देणाऱ्यालाही लाज वाटावी.

"अजी! शूऽऽ!"

"कावून?" हे खरोखर चकित झाले. "कोण झोपून राहिलं?"

तिथेच माझं ट्रेनिंग संपलं.

विमानात आमच्या दोन सीटा. खिडकी मला मिळाली आणि मी लहान पोरीसारखी हरखले. हे बाहेरच्या सीटवर. विमान उठायच्या आधी हे झोपले. कोकओव्हनच्या भोंग्याखाली झोपलेला माणूस, त्याला विमानाचं काय! थोड्या वेळाने मला बाथरूमला जावंसं वाटलं, आणि माझ्या लक्षात आलं की बाहेर पडायचं तर यांना उठवावं लागेल.

मी उठवलं नाही.

हसू नका. शिफ्टवाल्याच्या बायकोला हे जमत नाही. शिफ्टसाठी उठवायची वेळ झाली की मी मेल्या माणसालाही उठवीन, पण शिफ्ट नसताना? हात पुढे जातच नाही! दोनदा मी पदर खोचून त्यांच्या मांड्या ओलांडायचा विचार केला. दुसऱ्यांदा एक पाय उचललाही. पलीकडचा सरदारजी इतक्या आशेने पाहू लागला की मी पाय परत ठेवला. मग पाणी प्यायचं बंद केलं. हवाईसुंदरी ट्रॉली घेऊन आली आणि गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वॉटर?"

मी बोट ओठांवर ठेवून म्हटलं, "शूऽऽ!"

ती बिचारी ट्रॉलीसकट मागे सरकली. पुढच्या रांगेत एक बाळ रडू लागलं, मी त्यालाही गप्प केलं. त्याच्या आईलाही केलं. विमानाचा कॅप्टन वरून काहीतरी बोलू लागला, तेव्हा मी छताकडे असे डोळे वटारले की तो आटोपतं घेऊन थांबला. (योगायोग असेल. मी मानत नाही.) पाय सुजायला लागले. पायांसाठी मनूने घट्ट मोजे पाठवले होते, खास माझ्यासाठी. ते यांनी घातले होते, कारण विमानात यांचे पाय गार पडतात! गुडघे समोरच्या सीटला टेकलेले, मान खिडकीला, कंबर कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि शेजारी हे मंद स्मित करत झोपलेले. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी याच चेहऱ्यावर भाळले होते, हे आठवून माझा मलाच राग आला.

अखेर हे जागे झाले. आळोखेपिळोखे दिले.

"लागली का तुले झोप?"

"नाही."

"शाबास! म्हणजे ड्यूटी बरोबर होऊन राहिली तुझी."

मी त्यांच्या पायांवरून चालत गेले. शब्दशः.

उतरताना माझे बूट पायात जाईनात. मला इंग्रजी जमणार नाही म्हणून मनूने माझ्या नावाने चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची दारात उभीच होती. हे अर्धवट झोपेत पुढे गेले आणि तिच्यात बसले! ढकलणाऱ्याने नाव विचारलं, यांनी मान हलवली, खुर्ची निघाली. मागून मी, एका हातात बूट, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांची पिशवी, सुजल्या पायांनी धावतेय. जावईबापू घ्यायला आले होते. ते घाबरून आधी खुर्चीकडे धावले. "बाबा, काय झालं? तब्येत?"

"काही नाही, जरा झोप झाली," हे म्हणाले.

घरी मनू दारात बाळ घेऊन उभी. मी बाळाला घेतलं. इतकी हलकी, इतकी ऊबदार! डोळे भरून आले, आणि भरलेले डोळे तसेच मिटले. मनूने बाळ काढून घेतलं तेव्हा मी उभ्या उभ्या झोपले होते म्हणे.

बाळंतिणीची सेवा करायला गेलेली मी! तेलाची वाटी हातात घेऊन बाळाला चोळायला बसावं, तर वाटी बाजूला आणि मी आडवी. सगळं घर झोपलं की मात्र डोळे टक्क. असंच एकदा उजाडायच्या आत मला वाटलं, रिकामं कशाला बसा, अळणी वरणाला लसणाची फोडणी देऊ. फोडणी चरचरली आणि छताला लावलेलं धुराच्या इशाऱ्याचं यंत्र कानठळ्या बसतील असं किंचाळू लागलं! मी स्टुलावर चढून त्या यंत्राला "शूऽऽ! शूऽऽ!" करतेय, जावई अर्ध्या चड्डीत टॉवेल हलवतायत, बाळ रडतंय, रात्रभर पाजून नुकतीच कुठे झोपलेली मनू भिंतीला टेकून म्हणतेय, "आई, तू बस ना. तू काहीच नको करू. मी करते चहा तुझ्यासाठी." त्या गोंधळात फक्त एक माणूस उठला नाही. कोण ते सांगत नाही.

ओल्या बाळंतिणीने मला चहा करून दिला. मी तो खाली मान घालून प्यायले.

शनिवारी बारसं होतं. मनूच्या ओळखीच्या बायका येणार, पाळणा फुग्यांनी सजवलेला. सकाळी मी न्हाऊन नवी पैठणी नेसले, गळा साफ करायला खडीसाखर चघळली, मनातल्या मनात दोन कडवी म्हणून पाहिली. लोक यायला अवकाश होता.

"अजी, मी जरा पाठ टेकते. लोक आले का उठवसान न मले?"

"टेक, टेक. मी आहो न."

मी आहो न! या तीन शब्दांवर भरवसा ठेवणारी बाई जेट लॅगची नव्हे, अकलेची रोगी असते.

जाग आली तेव्हा खोलीत मिट्ट काळोख. खिडकीला पुठ्ठा. मी दचकून उठले, वाटलं, सी शिफ्टची वेळ टळली, यांचा डबा राहिला! मग हात लावून पाहिलं तर पुठ्ठा डायपरच्या खोक्याचा होता. धावत बाहेर आले. पाळण्याचे फुगे अर्धे बसलेले, कागदी ताटल्या कचऱ्याच्या पिशवीत, आणि हे सोफ्यावर पेढा खातायत.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," हे म्हणाले. अजून कुजबुजतच.

"तुमी उठवणार होते न जी मले?"

"आलतो न उठवाले. दोनदा आलो. पण तू अशी झोपली होती, माह्या जिवावर आलं. सी शिफ्टच्या माणसाले असं उठवाचं नसते."

"आणि नाव कोणी सांगतलं?"

"मीच. कानातच तर सांगाचं असते, त्याले आवाज कायले लागते?"

"मी तुमाले जन्मभर उठवलं! एक शिफ्ट चुकू दिली नाही!" मी ओरडले. अमेरिकेत पहिल्यांदा माझा गळा मोकळा सुटला आणि पाळण्यातलं बाळ दचकून रडू लागलं. त्याबरोबर हे, जावईबापू आणि मनू, तिघांनी माझ्याकडे वळून बोटं ओठांवर ठेवली.

"शूऽऽ!"

मनूने मला आत नेलं. "मीच म्हटला मंग पाळणा. हळूच. तुझ्याकडून तसाच शिकली न मी." तिने माझा चुरगळलेला पदर सारखा केला. "मी बी आलती उठवाले. पण आई, मी तुले दिवसा झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. दारात उभी राहून पाहतच राहिली. मंग खोकं फाडून पुठ्ठा लावला, और सबको बोल दिया, कोई आवाज नहीं करेगा."

मला चांगलं भांडायचं होतं. रडू आलं. रडू आलं म्हणून आणखी राग आला. उभ्या जन्मात एकदाच माझ्या झोपेसाठी कुणीतरी घर गप्प बसवलं, तेही नेमकं ज्या दिवशी मला ओरडून गायचं होतं त्या दिवशी! या मायेचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

परत आल्यावर बोरकरबाई पहिल्याच सकाळी हजर. "म्हटला न वो पाळणा मनूची आई? दाखवा, दाखवा!"

मी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत बायका चवड्यांवर चालतायत, टाळ्यांचे हात हवेतच थांबतायत, हे बाळाच्या कानाशी लागलेले, मनूचे ओठ हलतायत. बोरकरबाईंनी आवाज वाढवला, मोबाइल कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या.

"मनूचं तर काहीच ऐकू नाही येऊन राहिलं. पण एक सांगा, बारशाच्या मधात कुकर कावून लावला? शिट्टीवर शिट्टी होऊन राहिली वो!"

मी ऐकलं. खरंच की! मी झोपले होते त्या बंद खोलीतून, एका लयीत, खणखणीत. इतकी वर्षं खिळ्याला टांगून ठेवलेली ती शिट्टी अखेर वाजली होती, आणि अमेरिका थोडीफार हललीही असावी.

"वरण लावलं होतं," मी बोरकरबाईंना सांगितलं. तेही हळूच सांगितलं, कारण आत हे झोपले होते. (त्यांना जेट लॅग झाला आहे!)