चिकटलेलं पित्ताशय

वहिनीच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा घरात कुणी फारसं घाबरलं नाही. आमच्या केदारखेड्यात दोघीतिघींचं हेच ऑपरेशन झालं होतं आणि त्या पुन्हा वावरात जाऊ लागल्या होत्या. त्यामुळं जालन्याच्या दवाखान्यात आम्ही दोघं भाऊ निवांत बसलो होतो. मोठा भाऊ चहा आणायला खाली गेल्ता, तेवढ्यात सर्जन बाहेर आले.

"आत या. बघूनच घ्या."

अंगावर हिरवा गाऊन चढवून त्यांनी मला पडद्यासमोर उभं केलं. पडद्यावर दुर्बिणीतून वहिनीचं पोट आतून दिसत होतं. भांड्याला करपून लागलेल्या पिठल्यासारखं सगळं एकमेकाला चिकटलेलं.

"यात पित्ताशय कुठंय?"

"तेच शोधून राह्यलो," ते म्हणाले. "याच्या खालीच पित्ताची मुख्य नळी आहे. ती कापली गेली तर जन्माचं दुखणं."

त्यांनी हेच चित्र दोन ज्येष्ठ सर्जनांना पाठवलं होतं. एकाचा फोन माझ्यासमोरच आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला. "पित्ताची पिशवी जाड झालीय, नळी दिसत नाही. पुढं जाऊ नका. पिशवी उघडून खडे काढा, चिकटलेला भाग राहू द्या." थोड्या वेळानं दुसऱ्यांचा आला. पहिले काय म्हणाले हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी ते तेच बोलले. वर विचारलं, "पेशंटला आधी किती वेळा दुखलं होतं?"

"एकदाच," मी म्हणालो.

"शक्यच नाही. वारंवार सूज आल्याशिवाय इतकं चिकटत नाही."

मी बाहेर येऊन भावाला सांगितलं, तर तो हातातला चहा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला.

संध्याकाळी वहिनी बोलायला लागली. सर्जननी त्या दोघांचं ऐकून फक्त खडे काढले होते आणि आतलं पित्त बाहेर यावं म्हणून पोटातून एक प्लास्टिकची नळी काढलेली होती. भावानं विचारलं, "आधी कधी दुखलं होतं का गं?"

"लई वेळा. सोडा प्यायचे अन् मेंढरांमागं जायचे. मेंढरं कुणावर सोडायची?"

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

"रातभर बसून कण्हायचे. तुमी शेजारीच तर झोपता."

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

नळीतून काही दिवस पित्त येत राहिलं, मग थांबलं. वहिनी बरी होऊन घरी आली. भाऊ आता रात्री दोनदा तरी उठतो आणि तिला विचारतो, "दुखतंय का?" ती चिडते.