रशीदभाईंच्या वहीतली कोरी जागा

रशीदभाई गेल्याचा फोन शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. मी शाळेत पगारपत्रक तपासत होतो. त्यानंतर दोनदा बेरीज चुकली. नांदेडला दफनाला आम्ही बावीस माणसं होतो, त्यांत नायगाव तालुक्यातला मी एकटा. त्याला तीन आठवडे झाले. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती लिहितो.

रशीदभाई पोटासाठी घड्याळं दुरुस्त करायचे आणि हौसेसाठी शाळांतून जादूचे खेळ. आमच्या गावच्या शाळेत मी लिपिक, त्यामुळे त्यांना बोलावण्याची पत्रं माझ्या हातची. खेळाआधी ते मुलांना विचारत, "मला तुमच्या गावात काय म्हणतात?" मुलं सांगतील तो शब्द एका निळ्या वहीत उतरवत आणि त्याचं मूळ शोधत. जादूगार फारसीतून आला, बाजीगरही. बाजी म्हणजे खेळ. गारुडी गरुडावरून, मूळचा सापाचं विष उतरवणारा. मदारी आधी फकिरांच्या एका पंथाचं नाव, माकड मागाहून आलं. "मेहनत माकडाची, नाव फकिराचं," असं म्हणून हसत. पण कुणी करणीवाला म्हटलं, की वही मिटायची आणि ते मिळेल ती एसटी धरायचे. "बाबू, बाकीच्या शब्दांत खेळ हाय," ते मला म्हणाले होते. "ह्या शब्दाला गुन्हेगार लागतो."

एका स्नेहसंमेलनात ते अंड्यातून अंगठी काढणार होते. त्या दिवशी नेमकी एकादशी. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेत अंडं नको. मी बाजारातून लिंबू आणून त्यांच्या हातावर ठेवलं.

"लिंबू नको, बाबू. लिंबाला गाव भितं."

"अहो, शाळा आहे ही. तीनशे पोरं वाट बघून राहिलीत."

त्यांनी माझा मान राखला. पहिल्या रांगेतल्या एका सुनेची अंगठी मागून घेतली, ती चिरलेल्या लिंबातून निघाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बायकांनी वाजवल्या नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं होतं...

संध्याकाळी त्या सुनेला ताप भरला. रशीदभाई माझ्याकडेच मुक्कामाला होते. सकाळी ओसरीसमोर तीस-पस्तीस माणसं उभी, पुढे तिचा सासरा. आत माझी बायको, दोन लेकरं. चहा उतू गेला, तो कुणी उतरवला नाही.

"लिंबू कुणी आणलं?" सासऱ्यानं विचारलं. आवाज चढवला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली.

मला त्याच गावात राहायचं होतं. रशीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मीच आणलं," ते म्हणाले. "बसा. करणी असंल तर तुमच्या हातानं होणार न्हाई. खेळ असंल तर होईल."

खेळाचं गुपित कुणापुढे उघडायचं नाही, हा उस्तादाला दिलेला शब्द त्यांनी माझ्या ओसरीवर मोडला. माझ्या घरातलं एक लिंबू घेऊन देठाजवळ आधी भोक कसं पाडायचं ते दाखवलं, तळहातात अंगठी कशी दडवायची ते दाखवलं. मग सासऱ्याला करायला लावलं. दोनदा अंगठी खाली पडली. तिसऱ्यांदा त्याच्याच हातच्या लिंबातून निघाली.

"आता ह्यालाच धरा," मागून कुणी सासऱ्याकडे बोट दाखवून म्हणालं. "हाच करणी करून राहिला."

माणसं हसली आणि पांगली. दहाच्या जीपनं सुनेला नांदेडला नेलं. डेंगी निघाला, आठ दिवसांत ती बरी झाली. रशीदभाईंनी तो खेळ पुन्हा केला नाही. पुढची नऊ वर्षं भेटत राहिलो, त्या सकाळबद्दल मला एका शब्दानं विचारलं नाही.

दफनानंतर त्यांच्या मुलीनं वही मला दिली. सत्तेचाळीस शब्द आहेत, मोजले. एका ठिकाणी लिहिलंय, "करणी: करणे यावरून. केलेलं. करणारा:" आणि पुढची जागा कोरी.

परवा वही काखेत धरून त्या सासऱ्याच्या घरी गेलो. आता त्यांना दिसत नाही. "तात्या, ते लिंबू मी आणलं होतं," म्हणालो.

त्यांनी काठी चाचपून जवळ घेतली. "ठाव हाय. बाजारात मी तुज्या मागंच हुबा हुतो," म्हणाले. "त्या दिशी तू बोलतूस का, तेच बघून राहिलो हुतो."

घरी येऊन त्या कोऱ्या जागेत मी माझं पूर्ण नाव लिहिलं.