थांबाकाकांची पट्टी

थांबाकाकांच्या रामवाडीतल्या घरी कॉम्प्युटर होता, पण त्याला स्क्रीन नव्हती. "माझ्या काय कामाची ती? धूळ पुसायला?" म्हणायचे. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. कीबोर्डच्या पुढ्यात त्यांची ब्रेलची पट्टी असे. मशीन जे लिहील ते तिच्यावर बारीक ठिपक्यांनी वर यायचं आणि काका ते बोटांनी वाचायचे; सांगून झालं की ठिपके खाली बसायचे.

पेणमधल्या कितीतरी दुकानांचे कॉम्प्युटर तेच दुरुस्त करत. मशीन सुरू होताना कुणी मध्येच बटण दाबलं की "थांबा!" म्हणून ओरडायचे, त्यावरून हे नाव. मिठागरावर वाढलेला माणूस, पाणी आटायची वाट बघायची सवय असावी. मला मात्र कधीच दम नव्हता. मशीन अडलं म्हणून मी रोह्याहून फोन केला की पहिला प्रश्न, "हात कुठं हाय तुझा?" मी निमूटपणे हात मांडीवर घ्यायचे.

खाडीकाठच्या गावांत लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची गाणी मी नऊ वर्षं रेकॉर्ड करत होते. सगळी एकाच कॉम्प्युटरमध्ये. तो काकांनीच लावून दिलेला, प्रती काढायला शेजारी दुसरी डिस्कही जोडलेली. प्रती मी उद्या काढणार होते. तो उद्या काही उजाडला नाही.

एका सकाळी मशीन सुरूच होईना. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. जवळचा एक दुरुस्तीवाला बोलावला. तो पाच मिनिटं त्या चक्राकडे बघत बसला आणि म्हणाला, "डिस्क गेली मॅडम. फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे सगळं पुसणार. गाणाऱ्यांपैकी बऱ्याचजणी आता हयात नव्हत्या. त्याला परत पाठवलं आणि काकांना फोन लावला.

काका दुपारच्या एसटीने आले. पिशवीतून पट्टी काढली, जोडली, मशीन सुरू केलं. स्क्रीनवर तेच चक्र.

"त्या चक्रामागं मशीन सगळं लिहून सांगतंय," ते म्हणाले. बोटं सरकत होती, थबकत होती. मी दोनदा तोंड उघडलं.

"थांब गो, त्याचं सांगून झालं नाय अजून."

मग ते हसायलाच लागले. "तुझ्या गाण्यांची डिस्क ठणठणीत हाय. मशीन दुसऱ्या डिस्कची वाट बघत बसलंय. कुठं गेली ती?"

डिस्क टेबलावरच होती. फोन चार्ज करायला जागा नव्हती, म्हणून तिची वायर मीच उपटली होती!

वायर लावली, मशीन सुरू झालं. इतकं हायसं वाटलं की मी चक्क रडले. "रडतेस काय? एक गाणं लाव," काका म्हणाले. लावलं. दोन ओळी ऐकून खात्री पटली आणि मी पुढचं गाणं लावायला हात नेला.

"थांब गो. संपवू दे तिला."

त्याच संध्याकाळी मी तीन प्रती काढल्या, एक काकांच्या पिशवीत घातली. गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या मुलीने पट्टी मला आणून दिली. मला ब्रेल येत नाही. तरी रोज मशीन सुरू करताना ती जोडते, हात मांडीवर घेते आणि ठिपके खाली बसेपर्यंत थांबते.