घागरीवर ढकललेली गळती

थेंब बरोबर बायोलॉजीच्या वहीवर पडत होता. शाई पसरून अख्खं पान निळं झालेलं. वहीची मालकीण, शेठची मुलगी ऋतुजा, भिंतीला टेकून रडत उभी होती. तिची मेडिकलची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"मिस्त्री, दोन वर्षांत एसी गळायला लागला?" शेठ म्हणाले. त्यांची लातुरात डाळमिल. मिलच्या खडखडाटाच्या वर आवाज चढवायची सवय घरीही सुटत नव्हती. "गॅस संपला असंल. भरून टाका."

गॅसचं आधी सांगतो. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. तो तांब्याच्या पाईपांतून फिरत राहतो, कुठं गळती झाली तरच कमी होतो. पण गिऱ्हाइकाला वाटतं, थंड होईना की गॅस, आवाज आला की गॅस, पाणी पडलं की गॅस. बरेच मिस्त्री 'हाव, गॅसच' म्हणून भरूनही टाकतात. मी तसं कधी केलं नाही, याचा मला फार तोरा होता.

भिंतीवरचा डबा, म्हणजे इनडोअर युनिट, हवा थंड करतो तेव्हा त्याच्या आत दव धरतं. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि ड्रेन पाईपमधून बाहेर जातं. त्या पाईपला मोटर नसते. पाणी आपल्या उतारानं जातं. उतार चुकला तर खोलीत येतं. एवढंच शास्त्र.

मी युनिट थोडं पुढं ओढलं आणि मागं टॉर्च मारली. पाईप भिंतीतल्या भोकाकडं चार बोटं वर चढत होता. ते भोक मीच पाडलेलं, भर सीझनमध्ये. खाली ड्रिल सळईला अडलं म्हणून वर घेतलं. खरं तर युनिटची जागा बदलायला हवी होती. पण त्या दिवशी अजून चार घरं बाकी होती. 'चालतंय' म्हणालो. दोन वर्षं चाललंही. मग त्या चढाच्या अलीकडं गाळ साचला.

हे शेठना सांगितलं तर मी ज्या शोरूमचं काम करतो तिथं फोन जाणार, आणि तिथले साहेब सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढणार. साहेब माझी ओळख 'आमचा सगळ्यात जुना मिस्त्री' अशी करून द्यायचे. लातूर जिल्हा झाला त्या वर्षीचा, म्हणजे ब्याऐंशीचा, माझा जन्म. बोलणी खायचं वय उरलं नव्हतं, असं मला वाटलं.

मी बाहेर गेलो. ड्रेन पाईपखाली घागर ठेवलेली, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं. ते दुष्काळाचं वर्ष. शेठच्या फाटकात टँकर यायचा, पण त्यांच्याकडं भांडी घासणाऱ्या सुमनमावशींच्या वस्तीत तो कधी यायचा, कधी नाही. एसी दिवसभर चालला की घागर भरायची. ते पाणी प्यायला नाही, पण धुण्याभांड्याला व्हायचं. मावशी ते घरी न्यायच्या.

"ही घागर कोणाची?" मी विचारलं.

"माझी हाय," मावशी हात पुसत म्हणाल्या.

"पाईपचं तोंड पाण्यात बुडालं की हवा अडते. पाणी मागं फिरतं." हे मी शेठकडं बघून म्हणालो.

वाक्य खरं होतं. ट्रेनिंगमध्येही तसंच शिकवतात. फक्त इथला पाईप घागरीच्या वर वीतभर लटकत होता, आणि ते मला दिसत होतं.

"बुडत न्हाई की ओ. मी बघूनच ठिवते," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

हे शेठ बोलले नाहीत. मी बोललो.

मग मी ब्लोअरनं पाईप फुंकला. गाळ उडाला, गळती थांबली. शेठची खात्री पटली. "उद्यापासून इथं घागर दिसली न्हाई पाहिजे," ते म्हणाले. मावशींनी अर्धी भरलेली घागर उचलली आणि गेल्या. मला चहा आला. मी तो बसून प्यायलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. परीक्षा आठवड्यावर आलेली. आता पाणीही पडत होतं आणि खोली थंडही होत नव्हती. मी पुढचं झाकण उघडलं. फिल्टर, म्हणजे हवेतली धूळ अडवणारी जाळी, गोधडीसारखा जाड झाला होता. जाळी चोंदली की आत हवा जात नाही, कॉईलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ चढतो, आणि तो वितळला की पाणी होतं. त्यात माझा उलटा उतार होताच.

"हा कधी धुतला होता?" मी विचारलं.

"दर रविवारी सुमनमावशी धुवायच्या," ऋतुजा म्हणाली. "एसीच्याच पाण्यानं. टँकरचं पाणी आई जाळीला देत नाही. घागर बंद झाली, तसं धुणंही बंद झालं."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला स्टुलावरून खाली उतरायचीही लाज वाटत होती.

"शेठ, भोक माझं चुकलंय," मी म्हणालो. "उतार उलटा झालाय. घागरीचा काही संबंध नव्हता."

"आज कळलं?"

"न्हाई. त्याच दिवशी दिसलं होतं."

शेठ ओरडले नाहीत. "डाळीत खडा निघाला तर मी हमालावर ढकलत न्हाई, मिस्त्री," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

शोरूमला मीच फोन केला. व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी युनिट हातभर सरकवलं, बाहेरच्या बाजूला उतरतं भोक पाडलं, जुनं सिमेंटनं बुजवलं. घरून पाण्याचा कॅन नेला होता, त्यानं फिल्टर धुतला. ऋतुजानं तोवर वही पुन्हा लिहून काढली होती.

निघताना मी म्हणालो, "मावशी, घागर ठेवा आता. मी शेठना विचारलंय. ते हाव म्हणालेत."

"नगं बाबा," मावशी म्हणाल्या. "पुन्यांदा काय गळालं तर माझ्याच नावावर. त्यापरीस टँकरची रांग बरी."

त्या भांड्यांकडं वळल्या. पाणी नव्या उतारानं व्यवस्थित येत होतं आणि मोकळ्या फरशीवर पडून तिथंच सुकत होतं.

गळतीचं कारण शोधायला मला एक टॉर्च पुरली. ते सांगायला पंधरा दिवस लागले. तेवढ्यात एका बाईची घागर गेली, आणि ती मला परत आणून देता आली नाही.